नाड्यांचा झगा

ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक मोठ्या जाऊबाईंच्या हातात, दुसरं माझ्या. त्या एकीकडे पीळ देतात, मी दुसरीकडे, आणि मधल्या मधे चादरीचा दोर होऊन पाणी मोरीत पडतं. त्या दिवशी पीळ अर्धाच झाला होता. खालचा बेकरीवाला जिना चढून दारात आला, हाताला पीठ तसंच. म्हणाला, "मावशी, टेलरबाई गेल्या. झोपेतच."

जाऊबाईंनी हातातलं टोक लगेच सोडलं नाही. चादर आमच्या दोघींच्या मधे लोंबत राहिली, थेंब थेंब गळत. मग त्यांनी ती बादलीत ठेवली, पदराला हात पुसले आणि कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या कप्प्यातून एक झगा काढला. फिक्या निळ्या रंगाचा, मऊ कापडाचा. तो छातीशी धरून म्हणाल्या, "चल धाकटे. शब्द दिलाय मी तिला."

"पण बोलावणं आलंय का तिच्या घरून?" मी विचारलं.

त्या चपला शोधत राहिल्या. चपला समोरच होत्या.

बोलावण्याचं मी का विचारलं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. माझ्या रोजच्या वहीत मी एरवी दूध, पाहुणे आणि सकाळची प्रार्थना एवढंच लिहिते. पण जाऊबाईंबद्दल नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या पत्नी, शेजारच्याच बिऱ्हाडात राहतात. दीर लवकर गेले. जाऊबाई इस्पितळात बायकांच्या वॉर्डात आया होत्या आणि त्या पगारावर त्यांनी एकुलत्या एक मुलीला वाढवलं. वॉर्डात कुणी गेलं की त्या बाईला शेवटची अंघोळ घालायचं काम आयांकडे असे. बाकीच्या आया ते उरकून टाकत. जाऊबाईंना उरकणं जमत नसे. हळूहळू आमच्या गल्लीतलेही लोक बोलवायला लागले. घरात बाईमाणूस गेलं, सुना घाबरल्या, लेकी परगावी, की कुणीतरी आमच्या दारात येऊन उभं राहायचं. जाऊबाई जेवत असल्या तरी उठत. मी पाणी ओतायला बरोबर जात असे. ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत मी तांब्या रिकामा करायचे आणि त्या हात फिरवायच्या.

आणि बोलायच्या. मेलेल्या माणसाशी त्या बोलत असत. "आता डावा हात घेते हं काकू. पाणी कोमट आहे, दचकू नका. झालं, झालं, आता पाठ." वरच्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई जन्मभर सगळ्यांशी हुज्जत घालत आल्या होत्या. त्यांची मान आखडली होती, वळेना. जाऊबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आता तरी ऐका की हो कुणाचं." मला हसू आवरेना आणि हातातला तांब्या पडला. घरी आल्यावर देवापुढे बसून मी माफी मागितली. जाऊबाई म्हणाल्या, "कसली माफी? त्याही हसल्या असतील."

आखडलेल्या हातांना बाह्या घालणं फार कठीण. ओढाताण होते, बघवत नाही. जाऊबाईंनी हे एकदा टेलरबाईंपाशी बोलून दाखवलं. टेलरबाई म्हणजे बेकरीच्या पलीकडच्या घरातल्या, जिन्याखाली दुकान, नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. त्यांनी ऐकून घेतलं आणि आठवड्याभरात एक झगा शिवून आणला. पुढून बघाल तर नीट गळा, नीट बाह्या. पाठ मात्र उघडी, वर-खाली नाड्या. वरून घालायचा, हात न वाकवता बाह्यांत सरकवायचे, कुशीवर घेऊन नाड्या बांधायच्या. माणूस झोपलेलं कसं दिसावं, तसं दिसे. तेव्हापासून उरलेल्या कापडाचे असे झगे टेलरबाई शिवून ठेवत आणि ज्यांच्या घरी नवं कापड घ्यायची ऐपत नसे त्यांना जाऊबाई ते घालत. निळा झगा टेलरबाईंनी स्वतःसाठी शिवला होता. तो जाऊबाईंकडे आणून दिला तेव्हा म्हणाल्या, "तुझ्याच हातानं घाल. आणि नाडीची गाठ सुरगाठ नको, चुकून सुटली तर वर जाऊन माझी अब्रू जाईल."

"तू आधी जाशील हे कुणी सांगितलं?" जाऊबाई म्हणाल्या.

"तू गेलीस तर तुला मी घालीन. पण मला येत नाही गं ते. तेवढ्यासाठी तरी थांब."

जाऊबाईंच्या मुलीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी पेन्सिलींची थोटकं, बाटल्यांची बुचं असलं काहीबाही गोळा करून उशीखाली ठेवायची म्हणून खारुताई, त्याचं खारू. पोरगी हुशार निघाली. विद्यापीठात गेली, समाज आणि संस्कृती असं काहीतरी शिकली आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो आपल्या आईचाच. महिनाभर ती आमच्याबरोबर यायची, कोपऱ्यात उभी राहून लिहून घ्यायची.

प्रबंध झाला तेव्हा तिनं स्वयंपाकघरात बसून आईला समजावून सांगितला. त्यातलं मला पुष्कळसं कळलं नाही, पण मधला शब्द लक्षात राहिला. लादलेली करुणा. काही माणसांना, त्यातही बायकांना, समाज दयाळूपणा लावून देतो, अंगावर जोखड घातल्यासारखा. मग त्यांच्याकडून फुकट काम करून घेतो आणि वर त्यांना देवमाणूस म्हणतो.

"म्हणजे आई, ती करुणा तुझी नाही. ती तुझ्यावर लादलीय."

"मग कुणाची गं?" जाऊबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "मी तर इतकी वर्षं माझीच समजून वापरली. परत करायची का आता?"

आम्ही हसलो. खारू हसली नाही. म्हणाली, "आई, ज्या घरातल्या बायकांना तू न्हाऊ घातलंस, त्यांतल्या किती घरांनी तुला लग्नाला बोलावलं?"

जाऊबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, मला बघून माणसांना मरण आठवतं. आनंदाच्या दिवशी कशाला आठवण."

"आणि शाळेत माझ्या डब्याला कुणी हात लावायचं नाही. प्रेताला लागलेल्या हातचं आहे म्हणायच्या मुली. तुला मी कधी सांगितलं नाही."

हे मलाही माहीत नव्हतं. पोरीनं लिहिलं ते हवेतून आणलेलं नव्हतं, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. पुढे जे झालं त्यामुळे लोक तिला वाटेल ते बोलले, म्हणून सांगते. जाऊबाईंनी त्या दिवशी एवढंच केलं, तिच्या ताटलीत सोललेल्या शेंगा सरकवल्या. "खा," म्हणाल्या.

नंतर खारूनं शहरातल्या मोठ्या सभागृहात भाषण दिलं. तासाभराचं भाषण, पण त्यातला मिनिटभराचा तुकडा लोकांच्या फोनवर फिरला. निवडणुका तोंडावर होत्या. एका बाजूनं तो शब्द उचलला आणि भिंतीवर रंगवला, "लादलेली करुणा बंद करा." दुसऱ्या बाजूनं आठ दिवसांत समोरच्या भिंतीवर लिहिलं, "आमच्या आयांची करुणा हाच आमचा अभिमान." प्रबंध बहुतेकांनी वाचलाच नव्हता. पण आमच्या गल्लीत आता कोण कुठल्या भिंतीचा, हे ज्याला त्याला ठाऊक झालं. वाण्याच्या दुकानात एका म्हातारीला मी पुढे जा म्हटलं, तर तिच्याबरोबरची नात फणकारली, "राहू द्या, तुमची लादलेली करुणा नकोय आम्हाला." बसमध्ये कुणी उठून जागा दिली की बाकीचे मान वळवून बघत, हा कुठल्या बाजूचा. आमच्या प्रार्थनामंडळात बायका दोन भिंतींना टेकून बसू लागल्या, मधे सतरंजी रिकामी. भजन एकच, पण एका बाजूनं सूर धरला की दुसरी बाजू गप्प. मी मधल्या सतरंजीवर बसत असे. मला दोन्हीकडून विचारलं गेलं, "तुम्ही नक्की कोणाकडच्या?" मी म्हटलं, "देवाकडची." तर म्हणे असं म्हणणारेच सगळ्यात पक्के असतात.

जाऊबाईंना बोलावणं बंद झालं. पहिल्या भिंतीची माणसं शरमेनं बोलवेनात. बोलवावं तर आपण पिळवणूक करणारे ठरणार. त्यांतले काही फार भले लोक. रस्त्यात भेटले की हात जोडून म्हणत, "मावशी, आम्हाला माफ करा, तुमचं आयुष्य आम्ही वापरलं." जाऊबाई गोंधळून म्हणत, "अहो, तुमच्या सासूबाईंचे केस किती सुंदर होते. मला आठवतात."

दुसऱ्या भिंतीचे पुढारी म्हणजे नाक्यावरचे हार्डवेअरवाले. ते हार आणि कॅमेरा घेऊन घरी आले. म्हणाले, येत्या सभेला व्यासपीठावर या आणि एवढंच सांगा, की माझी मुलगी चुकली.

"मुलगी चुकली असेल तर मी घरात रागवीन की," जाऊबाई म्हणाल्या. "त्याला माईक कशाला?"

"म्हणजे चुकली हे मान्य आहे ना?"

"चहा घेणार का तुम्ही?"

चहा न घेता ते गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या लोकांनीही आमचा जिना सोडला. आई आणि मुलगी एकाच माळेचे मणी, असं म्हणू लागले. आता कुणाच्या घरी कुणी गेलं की अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची पांढरी गाडी येऊन उभी राहते आणि माणसाला चेनच्या पाकिटात घालून नेते. खिडकीतून ती दिसली की जाऊबाई पडदा ओढून घेतात आणि त्या घरातल्या बाईचं नाव घेऊन पुटपुटतात, "डावा हात घेते हं."

आणि आता टेलरबाई गेल्या होत्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा पांढरी गाडी दारात होतीच. टेलरबाईंचा मुलगा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता. शाळेत शिकवतो, पहिल्या भिंतीचा मोठा कार्यकर्ता. डोळे सुजलेले. जाऊबाईंना बघून त्याच्या तोंडून "मावशी" आलं आणि तो लहान मुलासारखा रडला. जाऊबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्याला त्यांच्या हातातला झगा दिसला.

तो मागे सरकला. "तो नको मावशी."

"तिनं स्वतः शिवलाय रे. मला सांगून गेली आहे. मला फक्त वर जाऊ दे. अर्धा तास."

"माहीत आहे मला. हे झगे शिवून शिवून तिचे डोळे गेले. दिवसभर गिऱ्हाइकाचं काम आणि संध्याकाळी फुकटच्या नाड्या. मी तिला विचारलं, का करतेस? तर म्हणायची, आवडतं मला." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "जिवंतपणी मी तिला यातून सोडवू शकलो नाही. निदान आज तरी ती त्यातच गुंडाळून जायला नको. आणि तुम्हीही मावशी, तुम्ही कुणाच्या मोलकरीण नाही. तुम्ही खुर्चीवर बसा. आमच्या घरच्या म्हणून बसा."

खरंच त्यानं खुर्ची आणवली. मला त्याचा राग यायला हवा होता, पण येईना. तो आईवरच्या मायेनंच बोलत होता.

तेवढ्यात खारू आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बेकरीवाल्यानं तिलाही फोन केला होता. आल्या आल्या तिनं आईकडे, झग्याकडे, खुर्चीकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"सर, आईला जाऊ द्या वर," ती म्हणाली. "मी कुठेही असं लिहिलेलं नाही की हे थांबवा."

"मॅडम, तुमचा प्रबंध मला तोंडपाठ आहे." तो तिच्याशी अजून आदरानंच बोलत होता. "तुम्हीच लिहिलंय, बाई जेव्हा स्वतः म्हणते की मला हे आवडतं, तेव्हा समजावं की लादणं पूर्ण झालं. आई तेच म्हणायची, मावशीही तेच म्हणतील. मग मी कुणाचं ऐकू, त्यांचं की तुमचं?"

खारू म्हणाली, "ते वाक्य मी मागे घेते."

"कसं घ्याल? ते वाचून तर मला माझी आई कळली."

खारू जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. लहानपणी तिची गोळा केलेली थोटकं कुणी फेकून दिली की अशीच उभी राहायची.

इतक्यात नाक्यावरून हार्डवेअरवाले आले, बरोबर बरीच माणसं, सगळ्यांचे फोन वर केलेले. "मावशी, घाबरू नका! आम्ही नेतो तुम्हाला वर. बघू कोण अडवतो आमच्या आयांना!" एकानं टेलरबाईंच्या मुलाचा दंड धरला. त्यानं तो झटकला. त्याच्या बाजूची दोन-चार पोरं पुढे झाली. "हात लावून बघ!" "अरे जा, आईला पाकिटात घालून पाठवणारे तुम्ही!" जिन्याच्या तोंडाशी रेटारेटी सुरू झाली. खुर्ची उलटली.

जाऊबाईंना वाट मोकळी झाली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सगळे एकमेकांत गुंतले होते, जिना समोर रिकामा होता, वरच्या खोलीचं दार उघडं. पंधरा-वीस पायऱ्या चढल्या की टेलरबाई. मी त्यांच्या पाठीला हात लावला. "जा," म्हटलं. "मी येते मागून. देव बघून घेईल."

त्यांनी एक पायरी चढून पाहिली. मग वळल्या आणि मोठ्यानं ओरडल्या. त्यांचा तेवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"वर माणूस झोपलंय!"

सगळे थांबले.

"मी जात नाही वर," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणाच्याच जोरावर जात नाही. मी तिच्याशी बोलत असते ते काम करताना. खाली हे चाललेलं असताना मी तिला काय सांगू?" मग त्या टेलरबाईंच्या मुलाकडे वळल्या. "तुझी आई आहे. तू म्हणशील तसं. दार मोकळं कर, म्हणजे झालं."

लोक बाजूला झाले. हार्डवेअरवाल्यांनी फोन खाली केला. कंपनीची माणसं वर निघाली, त्यांत हातमोजे घातलेली एक तरुण बाई होती. जाऊबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"पाणी कोमट घे बाळ. ती गारठ्याला फार भ्यायची."

"आम्ही पाणी नाही घेत मावशी," ती बाई अवघडून म्हणाली. "औषधाच्या ओल्या कपड्यानं पुसून घेतो."

"बरं. मग हात लावायच्या आधी सांग तिला. डावा, उजवा, एवढंच."

त्या बाईनं मान हलवली. तिनं सांगितलं की नाही, देव जाणे. टेलरबाई खाली आल्या त्या पांढऱ्या पाकिटात, चेन गळ्यापर्यंत लावलेली. जाऊबाई गाडीच्या दाराशी गेल्या आणि वाकून काहीतरी बोलल्या. गाडी सुरू झाली होती, मला ऐकू आलं नाही. निळा झगा त्यांच्या हातातच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी आधी बादलीतली चादर उचलली. एक टोक माझ्याकडे करणार, तोच खारूनं पुढे होऊन ते धरलं. मायलेकींनी चादर पिळली. खारूला अंदाज येईना, ती आईच्याच बाजूनं पीळ देत होती, चादर नुसती फिरत राहिली. "उलटा गं, उलटा," जाऊबाई म्हणाल्या. मग पाणी पडलं.

चादर दोरीवर टाकून झाल्यावर खारू झग्याशी जाऊन बसली. नाड्या बोटांत घेऊन म्हणाली, "आई, याचं आता काय करायचं?"

"ठेवून दे. मला थोडा लांब होईल, पण चालेल."

खारूनं पटकन आईकडे पाहिलं. तिनं विचारलं, "मी घालू शकेन का तुला? शिकवशील?"

मला वाटलं जाऊबाई हो म्हणतील. त्या हो म्हणाव्यात म्हणून मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तू घातलास तर पुन्हा कुणी विचारेल, आईनं लादलं का म्हणून. आणि तू विचार करत बसशील. माझ्या अंगाशी विचार करत बसू नकोस. गाडी बोलाव." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. शेंगा पुढे सरकवाव्यात तसं म्हणाल्या.

खारू उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. जाऊबाईंनी निळा झगा घडी करून वरच्या कप्प्यात ठेवला, नाड्या आत घालून, म्हणजे दारात अडकू नयेत.

मी माझ्या घरी आले आणि देवापुढे बसले. टेलरबाईंसाठी प्रार्थना करायची होती, पण शब्द सुचेनात. शेवटी म्हटलं, देवा, तिचा डावा हात आधी घे, आणि हात लावण्याआधी सांग.

माझ्या स्वयंपाकघराचा पडदा टेलरबाईंकडे शिवायला पडून आहे. दुकान आता मुलगा रिकामं करणार असं कळलं. मी म्हटलं, जाऊ दे तो पडदा, मी नवा घेईन. पण जाऊबाई ऐकेनात, म्हणाल्या, तिनं हात लावलेलं काम आहे ते. उद्या सकाळी त्या टेलरबाईंच्या दुकानात पडदा आणायला जाणार आहेत.